टीव्हीवर फोटोंचा स्लाइड शो लावायचाय? मग टीव्हीवर काही सोपवू नका

आमच्या सांगलीत आता कुठलाही कार्यक्रम असू दे, आजोबांची पंचाहत्तरी, लग्नाला ५० वर्षं झाली म्हणून घातलेलं जेवण, दहावीच्या बॅचचं गेट टुगेदर नाहीतर सोसायटीचा गणपती, कुणीतरी म्हणतंच की अरे जुने फोटो टीव्हीवर लावूया की, आणि मग घरात ज्याला कॉम्प्युटरमधलं जरा जास्त कळतं त्याच्याकडं ते काम येतं. तो सगळ्यांकडनं फोटो गोळा करतो, पेनड्राइव्हमध्ये भरतो, टीव्हीला लावतो आणि बघतो तर निम्मे फोटो आडवे पडलेत, काही उघडतच नाहीत, मुंज आधी आणि बारसं नंतर येतंय, मामांचं कपाळ कापलं गेलंय, आणि प्रत्येक फोटो यायच्या आधी स्क्रीनवर ते गोल फिरत बसतंय. लोक म्हणतात टीव्हीच बाद झालाय.

टीव्ही बाद नसतो. फोटो केवढा दाखवायचा, कुठली बाजू वर ठेवायची, कुठला आधी कुठला नंतर, किती सेकंद ठेवायचा, हे सगळं आपण त्याच्यावर सोडलेलं असतं, आणि प्रत्येक कंपनीचा टीव्ही ते आपापल्या पद्धतीनं ठरवतो. म्हणून घरच्या टीव्हीवर नीट चाललेला पेनड्राइव्ह हॉलवरच्या टीव्हीवर गोंधळ घालतो. माझं म्हणणं एवढंच आहे की जे काही ठरवायचं ते आधी आपण कॉम्प्युटरवर ठरवून टाकायचं आणि टीव्हीला नुसतं दाखवायचं काम ठेवायचं. ते कसं करायचं आणि का, हे खाली सविस्तर लिहितोय.

एक गोष्ट सगळ्यात आधी. गोळा केलेल्या सगळ्या फोटोंची कॉपी एका वेगळ्या फोल्डरमध्ये करा आणि जे काय कापाकापी, लहानमोठं करायचं ते त्या कॉपीवरच करा. मूळ फोटो लहान करून त्याच नावानं सेव्ह केला की तो कायमचा लहान झाला, परत मोठा होत नाही. आजीचा एकुलता एक फोटो असेल तर ते किती महागात पडेल विचार करा.

आकाराची भानगड

निम्मी भानगड आकारातच आहे. आजकालचे झाडून सगळे टीव्ही १६:९ असतात, म्हणजे रुंदीचे १६ भाग धरले तर उंची ९ भाग. मोबाईलचा कॅमेरा मात्र बहुतेक वेळा ४:३ असा फोटो काढतो आणि लग्नातल्या फोटोग्राफरचा मोठा कॅमेरा ३:२. म्हणजे आडवा धरून काढलेला फोटोसुद्धा टीव्हीच्या पडद्यात तंतोतंत बसतच नाही. फुल एचडी टीव्ही म्हणजे १९२० बाय १०८० ठिपके, त्यांनाच पिक्सेल म्हणतात. त्यात मोबाईलचा आडवा फोटो पूर्ण दाखवायचा म्हटलं तर तो १४४० बाय १०८० जागा घेतो आणि दोन्ही बाजूंना २४० पिक्सेलच्या काळ्या पट्ट्या येतात. एवढं चालतंय. पण उभा फोटो घ्या. तो फक्त ८१० पिक्सेल रुंद दिसतो, पडद्याचा ४२ टक्के, बाकी सगळा काळोख. आणि आपण सगळेजण फोटो काढतो ते उभेच.

आता टीव्हीला, नाहीतर एखाद्या ॲपला, पडदा पूर्ण भरायला सांगितलं तर तो काय करणार? एकतर फोटो ताणणार, म्हणजे सगळी माणसं ३३ टक्के जाड दिसणार, नाहीतर झूम करून वरखालचा भाग कापणार. आडव्या ४:३ फोटोतला असा २५ टक्के भाग जातो, उभ्या फोटोतला तब्बल ५८ टक्के. मामांचं कपाळ असं जातं. ताणणं तर कधीच करू नका, माणसाचा चेहरा बदलतो हो त्यानं, गेलेल्या माणसाचा फोटो असला तर घरच्यांना ते बघवत नाही.

उभ्या फोटोंसाठी मला सगळ्यात आवडणारा उपाय म्हणजे दोन उभे फोटो शेजारी शेजारी लावायचे. दोन्ही मिळून १६२० पिक्सेल होतात, उरलेल्या ३०० मध्ये मधली फट आणि कडेची जागा व्यवस्थित बसते. आणि जोडी लावताना डोकं वापरलं तर मजा येते, आईचा लहानपणीचा एक आणि आताचा एक, किंवा त्याच वाड्याच्या दारात १९८५ ला काढलेला आणि परवा काढलेला. जोडी नसेल तर फोटोचीच मोठी अस्पष्ट कॉपी मागं ठेवायची पद्धत आहे, बऱ्याच ॲपमध्ये ती ब्लर बॅकग्राउंड म्हणून मिळते, ते दिसतं बरं पण सलग २० फोटोंना लावलं की डोळ्याला त्रास होतो. जुन्या ब्लॅक अँड व्हाइट फोटोंना मी तरी साधी काळी बाजूच ठेवीन, तो फोटो त्यातच उठून दिसतो.

एक प्रकार वेगळा, पॅनोरामा. कासला जाऊन आलेल्या प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये पठाराचा एक लांबच लांब फोटो असतोच, नाहीतर सांगलीच्या घाटावरून काढलेला अख्खा आयर्विन पूल. असा ५:१ फोटो टीव्हीवर पूर्ण दाखवला तर त्याची उंची ३८४ पिक्सेल होते, म्हणजे मधोमध एक पट्टी आणि वरखाली काळं, त्यात फुलंही दिसत नाहीत आणि पुलाच्या कमानीही. असला फोटो उंचीला पडदाभर बसवायचा आणि डावीकडनं उजवीकडं हळूहळू सरकवायचा, १५ सेकंद लागू देत, लोक बघतात.

किती मोठा फोटो पाहिजे

इथं लोकांचा एक पक्का गैरसमज आहे, की फोटो जेवढा मोठा तेवढा टीव्हीवर भारी दिसणार. हिशोब करून बघा. फुल एचडी टीव्हीवर एकूण पिक्सेल होतात २० लाख ७३ हजार ६००. फोरके टीव्ही ३८४० बाय २१६० चा, म्हणजे साधारण ८३ लाख. आणि मोबाईलचा १२ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे १ कोटी २० लाख पिक्सेल, काही मोबाईल तर ५० आणि १०८ मेगापिक्सेलचे फोटो काढतात. टीव्हीकडं तेवढे ठिपकेच नाहीत तर तो दाखवणार कुठं? तो अख्खा फोटो वाचतो, मेमरीत घेतो, लहान करतो आणि मग दाखवतो. टीव्हीतला प्रोसेसर व्हिडिओसाठी खास तयार केलेला असतो, फोटो उलगडायच्या कामात तो मोबाईलच्या मानानं हळू, म्हणून ते गोल फिरत बसतं आणि फारच मोठा फोटो आला तर टीव्ही सरळ उघडत नाही म्हणून सांगतो. तेच लहान करायचं काम आपण आधी कॉम्प्युटरवर केलं तर टीव्हीवर दिसायला काडीचा फरक पडत नाही आणि फोटो पटकन येतो.

फोरके टीव्ही आहे म्हणून फुल एचडीत बनवायला मन होत नसेल तर अजून एक हिशोब. ४३ इंची टीव्हीचा पडदा ९५ सेंटीमीटर रुंद असतो, त्यात १९२० ठिपके म्हणजे एक ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. चांगल्या नजरेचा डोळा एका अंशाच्या ६० व्या भागाएवढं बारीक वेगळं ओळखतो, त्या हिशोबानं साडेपाच फुटांच्या पलीकडं बसलं की हे ठिपके वेगवेगळे दिसतच नाहीत. आपल्या हॉलमध्ये सोफा टीव्हीपासून ८-१० फुटांवर असतो. आणि बऱ्याच अँड्रॉइड टीव्हींवर फोटोचं ॲप स्वतःच १०८० मध्ये, म्हणजे फुल एचडीत, चालतं, पॅनल फोरके असला तरी. तेव्हा घरच्या कार्यक्रमाला फुल एचडी बास आहे. अपवाद एकच, ज्या फोटोवर झूम करायचंय तो मोठाच ठेवायचा. दीडपट झूम करणार असाल तर २८८० पिक्सेल रुंद पाहिजे, नाहीतर झूम केल्यावर चेहरे फुटतात.

उलट बाजूचा त्रास व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोंचा. नेहमीच्या पद्धतीनं पाठवलेला फोटो तिथं दाबून लहान होतो, लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलच्या आसपास राहते. एकदाच आलेला असला तर फुल एचडीवर तो तसा निभावून जातो, पण तोच फोटो सेव्ह करून परत पाठवला, त्याचा स्क्रीनशॉट काढला, तो चौथ्या ग्रुपवर गेला, असं होत होत त्याचे चौकोन दिसायला लागतात. २०२३ पासून एचडीत पाठवायची सोय आहे, तरी मी सगळ्या नातेवाइकांना एकच सांगतो, फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. तसा पाठवला की मूळ फाइल जशीच्या तशी येते, तारखेसकट. साताऱ्याच्या मावशींना हे फोनवर समजवायला वेळ लागेल, पण घालवा तो वेळ, एकदा कळलं की त्या बाकीच्यांनाही सांगतात.

अल्बममधले फोटो

खरी दौलत तर कागदावरच्या फोटोंमध्ये आहे, कारण ते दुसरीकडं कुठंच नाहीत. स्टुडिओत ज्याला पोस्टकार्ड साइज म्हणतात तो ४ बाय ६ इंची फोटो ३०० डीपीआयला, म्हणजे एका इंचात ३०० ठिपके धरून, स्कॅन केला की १२०० बाय १८०० पिक्सेल मिळतात, फुल एचडीला पुरतात. फोरकेवर लावायचा असेल, झूम करायचा असेल किंवा स्कॅन जपून ठेवायचा असेल तर ६०० ला करा, २४०० बाय ३६०० होतात. परत परत कुणी स्कॅनरवर ठेवत नाही, म्हणून मी म्हणतो ६०० लाच करून टाका. निगेटिव्ह सापडल्या तर त्यातल्या बहुतेकांची उंची फक्त २४ मिलिमीटर असते, तिथं २४०० डीपीआय लागतं आणि निगेटिव्ह स्कॅन करणारा स्कॅनर लागतो, साध्या स्कॅनरवर होत नाही.

स्कॅनर नसेल तर मोबाईलनं काढा, पण खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, ऊन थेट पडणार नाही असं बघून, फ्लॅश बंद करून आणि मोबाईल फोटोला अगदी समांतर धरून. ट्यूबलाइटखाली उभं राहून काढला की तुमचीच सावली आणि मधोमध एक पांढरा पट्टा येतो. गुगलचं फोटोस्कॅन म्हणून फुकट ॲप आहे, ते एकाच फोटोचे चार-पाच शॉट घेऊन ती चमक काढून टाकतं, चकचकीत कागदावरच्या फोटोंना ते बरं पडतं.

२०१९ च्या महापुरात सांगलीत कितीतरी घरांतले अल्बम पाण्यात गेले, २०२१ ला परत पाणी आलं. भिजून वाळलेले फोटो फ्रेमच्या काचेला नाहीतर अल्बमच्या प्लास्टिकला चिकटून बसतात, कारण फोटोवरचा थर जिलेटिनचा असतो आणि तो ओला झाला की डिंकासारखा धरतो. असे फोटो ओढून काढू नका, चेहरा काचेवर राहतो आणि हातात पांढरा कागद येतो. काचेसकट, प्लास्टिकसकट आहे तसा त्याचा फोटो घ्या, कडेनं डाग दिसले तर दिसू देत. काढायचा प्रयत्न नंतर करा, आधी एक चांगली कॉपी हातात असू दे. डाग पडलेला फोटो स्लाइड शोमध्ये लावायला लाजायचं तर काहीच कारण नाही.

आडवे पडणारे आणि न उघडणारे फोटो

मोबाईल उभा धरा नाहीतर आडवा, आतला सेन्सर बसवलाय तसाच बसलेला असतो, त्यामुळं बरेच मोबाईल फोटो एकाच दिशेत सेव्ह करतात आणि सोबत एक खूण लिहून ठेवतात की दाखवताना हा एवढा फिरवून दाखवा. मार्केट यार्डात बेदाण्याच्या बॉक्सवर ‘ही बाजू वर’ लिहिलेलं असतं ना, तसंच. उचलणाऱ्यानं वाचलं तर बॉक्स सरळ राहतो, नाही वाचलं तर पडला आडवा. मोबाईल आणि कॉम्प्युटर ती खूण वाचतात, काही टीव्ही वाचत नाहीत. म्हणून कॉम्प्युटरवर सरळ दिसणारा फोटो टीव्हीवर झोपलेला असतो आणि आपल्याला कळत नाही असं का. उपाय असा की खुणेवर अवलंबून न राहता फोटोच खरोखर फिरवून सेव्ह करायचा. विंडोजवर इरफानव्ह्यू आणि एक्सएनकन्व्हर्ट हे घरी वापरायला फुकट मिळणारे प्रोग्रॅम आहेत, त्यात अख्खं फोल्डर एकदम देता येतं, लहानही होतं आणि फिरवूनही मिळतं. इरफानव्ह्यू उघडून कीबोर्डवर बी दाबलं की बॅच कन्व्हर्जनची खिडकी येते, तिथं मोठी बाजू १९२० सांगायची, फोटोची प्रमाणबद्धता राखायची खूण करायची आणि नवीन फोल्डर द्यायचं. मोठी बाजू सांगितली की उभा फोटो उंचीला १९२० होतो, तो टीव्हीला थोडा जास्तच आहे, पण जास्त असलेलं बरं.

न उघडणारे फोटो बहुतेक आयफोनचे असतात. २०१७ साली आयओएस ११ आलं तेव्हापासून आयफोन एचईआयसी नावाच्या प्रकारात फोटो ठेवतो, जागा कमी लागते म्हणून, पण टीव्ही बहुतेक वेळा तो प्रकार ओळखत नाहीत. ते जेपीजी या नेहमीच्या प्रकारात बदलून घ्या, आणि पुढच्यासाठी आयफोनच्या सेटिंग्जमध्ये कॅमेरा, मग फॉरमॅट्समध्ये जाऊन मोस्ट कंपॅटिबल निवडून ठेवा. दुसरा प्रकार प्रोग्रेसिव्ह जेपीजीचा. तो आधी अस्पष्ट आणि मग स्पष्ट होत जातो, वेबसाइटसाठी चांगला, टीव्हीला मात्र जड जातो. सेव्ह करताना प्रोग्रेसिव्हची खूण असली तर काढून टाका. लग्नाच्या फोटोग्राफरनं अडोबी आरजीबी या रंग साठवायच्या पद्धतीत फोटो दिले असतील तर टीव्हीवर ते मरगळलेले दिसतात, त्यालाच सांगा एसआरजीबी या नेहमीच्या पद्धतीत करून दे म्हणून, त्याच्यासाठी दोन मिनिटांचं काम आहे.

आता क्रम. तारखेवर तर विसंबूच नका, कारण स्कॅन केलेल्या १९७२ च्या फोटोला तारीख आज स्कॅन केल्याची पडते आणि व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोची मूळ तारीख गेलेली असते. नावानं क्रम लावायचा. पण नुसतं १, २, ३ दिलं तर बरेच टीव्ही १ नंतर १० दाखवतात, मग ११, आणि २ कुठंतरी २० च्या आधी येतो, कारण ते आकडा म्हणून न बघता अक्षर अक्षर बघतात. म्हणून तीन आकडी नावं द्या (१०० किंवा जास्त फोटो असतील तर चार आकडी) आणि दहा-दहाच्या फरकानं द्या, ०१०, ०२०, ०३० अशी, इंग्रजी आकड्यांत टाइप करून. मधला फरक कशासाठी? कार्यक्रमाच्या आदल्या रात्री काकू अजून तीन फोटो घेऊन येणारच आहेत, ते ०२१, ०२२ करून मध्ये घालता येतात, बाकी काही हलवावं लागत नाही.

फोल्डर का व्हिडिओ

चार लोक घरी बसून निवांत बघणार, गप्पा मारत, एखाद्या फोटोवर थांबत, तर नुसतं फोल्डर पेनड्राइव्हवर द्या आणि रिमोट आजीच्या हातात द्या. ते बघण्यात जो जिवंतपणा असतो तो व्हिडिओत नाही. पण कार्यक्रम असेल, ५०-१०० माणसं असतील, तर सगळ्याचा एक एमपीफोर व्हिडिओ बनवा. व्हिडिओत क्रम पक्का, वेळ पक्का, दिशा पक्की, आवाज पक्का, टीव्हीला ठरवायला काही उरतच नाही. सेटिंग हे ठेवा, १९२० बाय १०८०, एच.२६४ (व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत), आवाज एएसी (तशीच आवाजासाठीची पद्धत), फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) २५ किंवा ३०, बिटरेट (सेकंदाला किती डेटा) १० एमबीपीएसच्या आसपास. एच.२६४ हे २००३ चं स्टँडर्ड आहे, त्यामुळं आताचा जवळपास कुठलाही टीव्ही ते वाजवतो. एच.२६५ नवीन आहे, फाइल लहान होते, पण जुने टीव्ही नाही म्हणतात, तेव्हा त्याच्या नादी लागू नका. या हिशोबानं १५ मिनिटांचा व्हिडिओ सव्वा अकराशे एमबीपर्यंत जातो.

बनवायचा कशात? विंडोज मूव्ही मेकर जानेवारी २०१७ पासून बंद आहे, कुठल्यातरी साइटवरून डाउनलोड करू नका, व्हायरस यायची भीती. विंडोज ११ मध्ये क्लिपचॅम्प असतं, शॉटकट फुकट आहे. पण ज्यांना हे काहीच येत नाही त्यांनी पॉवरपॉइंट वापरा. त्यात इन्सर्टमध्ये फोटो अल्बम म्हणून सोय आहे, सगळे फोटो एकदम निवडले की प्रत्येकाची स्लाइड आपोआप होते, दोन-दोन फोटोंची पण होते. स्लाइडचा आकार १६:९ आहे ना ते बघा, सगळ्यांना फेड लावा, म्हणजे एक फोटो विरत जाऊन दुसरा येतो, वेळ द्या, आणि फाइल, एक्सपोर्टमध्ये जाऊन व्हिडिओ बनवा. मोबाईलवर व्हीएन किंवा इनशॉटमध्येही होतं, फक्त सुरू करायच्या आधी कॅनव्हास १६:९ आडवा करा. मोबाईलची ॲप बरेचदा रील धरून उभा आकार देतात आणि सगळं झाल्यावर तो बदलायला गेलं की प्रत्येक फोटो परत बसवावा लागतो.

एका फोटोला ५ सेकंद साधारण बरोबर पडतात. १०० फोटो म्हणजे ५०० सेकंद, ८ मिनिटं २० सेकंद. ३०० फोटो घातले तर २५ मिनिटं होतात आणि १२-१५ मिनिटांनंतर लोक जेवणाकडं बघायला लागतात. म्हणून निवडताना हात आखडता घ्या, एका सहलीचे दोनच फोटो, पण घरातला प्रत्येक माणूस एकदा तरी आला पाहिजे, यादी करून टिक करा. ज्याचा फोटो नाही त्याला ते लागतं.

दहावीच्या ग्रुप फोटोचं वेगळं आहे. ५० पोरांचा फोटो ५ सेकंदांत कुणालाच बघून होत नाही, प्रत्येकजण आधी स्वतःला शोधतो, मग शेजारी कोण उभा होता ते. तो ६०० डीपीआयला स्कॅन करा, आधी अख्खा ८-१० सेकंद दाखवा, मग डावा भाग, मधला भाग, उजवा भाग असे जवळून दाखवा, प्रत्येकी ८ सेकंद. ८ बाय १० इंचाचा फोटो असला तर ६०० ला ६००० पिक्सेल रुंद मिळतात, तीन भाग केले तरी प्रत्येक २००० चा, फुल एचडीला पुरून उरतो. हॉलमध्ये आवाज कुठं वाढतो ते बघाल, इथंच वाढतो.

एकातून दुसरा फोटो येताना गिरक्या, पानं उलटणं, फुटणारे चौकोन हे सगळे इफेक्ट टाळा. साधा फेड. वयस्कर माणसांना चेहरा ओळखायला दोन सेकंद लागतात, तेवढ्यात पडदा गरगर फिरला तर त्यांचं सगळं राहून जातं. गाणं लावायचं तर आवाज हळू ठेवा, लोकांना बोलायचं असतं. आणि जमलं तर हे नक्की करा, आजीला अल्बम दाखवत मोबाईलवर तिचा आवाज रेकॉर्ड करा, हा कोण, ही कुणाची मुलगी, हे घर मिरजेत कुठं होतं. त्यातले चार-पाच तुकडे त्या त्या फोटोखाली घाला. कुठलंही गाणं त्याच्यापुढं टिकत नाही.

मराठी अक्षरं आणि कडा

फोटोवर नाव लिहायला गेलं की मराठीचा वेगळाच ताप होतो. युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर-मोबाईलवर आता अक्षरं साठवायची जी पद्धत आहे तिच्यात, पहिली वेलांटी अक्षराच्या नंतर साठवलेली असते, दिसायला मात्र आधी यावी लागते, जोडाक्षरंही सॉफ्टवेअरनं जुळवून काढायची असतात. काही व्हिडिओ एडिटरना ते जुळवणं जमत नाही. मग विश्रामबागमधली वेलांटी व च्या मागं जाते, श्र चा पाय मोडून श् आणि र वेगळे होतात. अशा वेळी एडिटरशी भांडत बसू नका, नाव पॉवरपॉइंटमध्ये नाहीतर मोबाईलवर लिहा, पारदर्शक पीएनजी चित्र करून सेव्ह करा आणि ते चित्र फोटोवर ठेवा, मग ते मोडायचा प्रश्नच येत नाही. डीटीपीवाल्याकडनं श्रीलिपी या वेगळ्या फॉन्टच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेला मजकूर आणलात तर तो तुमच्याकडं भलतीच अक्षरं दाखवेल, त्याच्याकडनंही चित्रच घ्या.

अक्षर केवढं? १०८० उंचीच्या पडद्यावर ५५-६० पिक्सेलपेक्षा लहान नको, आणि मात्रा-उकार धरून दोन ओळींत मोकळी जागा. पांढरं अक्षर, मागं गडद सावली. आणि कडेला चिकटवून लिहू नका. जुन्या डब्बा टीव्हीत पडद्याच्या कडा चौकटीखाली जायच्या, म्हणून चित्र थोडं मोठं करून दाखवायची पद्धत पडली, ओव्हरस्कॅन म्हणतात त्याला, आणि काही एलईडी टीव्हींवर अजून ते चालू असतं. सेटिंगमध्ये ते बंद होतं, कुणाकडं जस्ट स्कॅन नाव असतं, कुणाकडं स्क्रीन फिट. पण हॉलवरच्या टीव्हीचं रिमोट कुणाकडं असेल सांगता येत नाही, तेव्हा चारी बाजूंनी ५ टक्के, म्हणजे डावी-उजवीकडं ९६ आणि वरखाली ५४ पिक्सेल मोकळे ठेवून नावं लिहा.

रिमोट मिळालंच तर पिक्चर मोड व्हिव्हिडवरून काढून सिनेमा किंवा स्टँडर्ड करा. व्हिव्हिड दुकानात टीव्ही उठून दिसावा म्हणून असतो, त्यात माणसांचे चेहरे भाजल्यासारखे नारिंगी दिसतात. वीज वाचवायचा मोड पण बंद करा, तो उजेड कमी करतो.

पेनड्राइव्ह रिकामा घ्या आणि एफएटी३२ या प्रकारात फॉरमॅट करा, तो जवळपास सगळे टीव्ही वाचतात. त्यात एक फाइल ४ जीबीच्या वर बसत नाही, पण आपली एवढी होणार नाही, १० एमबीपीएसनं ४ जीबी व्हायला ५७ मिनिटं लागतात. मॅकवरून कॉपी केलं असेल तर टीव्हीवर प्रत्येक फोटोच्या नावाची अजून एक न उघडणारी फाइल दिसू शकते, ठिपका आणि खालची रेघ यानं नाव सुरू होणारी. मॅकनं टाकलेली ती जादा फाइल असते, विंडोजवर नेऊन पुसून टाका. व्हिडिओ आणि फोटोंचं फोल्डर दोन्ही पेनड्राइव्हवर ठेवा, आणि दुसरा पेनड्राइव्ह खिशात.

लॅपटॉप एचडीएमआय केबलनं जोडणार असाल तर विंडोज आणि पी दाबून डुप्लिकेट करा, स्लीप बंद करा, आवाज टीव्हीकडं वळलाय का बघा आणि व्हॉट्सॲप बंद करा, नाहीतर भर कार्यक्रमात मेसेज पडद्यावर येतात. वायफायवरून मोबाईल कास्ट करायचं घरी ठीक आहे, मंगल कार्यालयात नको, तिथं वायफाय असेल याची खात्री नाही आणि ३०० लोकांचे मोबाईल एकदम चालू असतात. कार्यालयात टीव्ही नसून प्रोजेक्टर असेल तर आधी विचारून घ्या, बरेच प्रोजेक्टर १०२४ बाय ७६८ चे असतात, त्यावर आपला व्हिडिओ १०२४ बाय ५७६ दिसणार, नावं तेवढी मोठी पाहिजेत. आणि शक्य असेल तर आदल्या दिवशी त्याच टीव्हीवर, त्याच पेनड्राइव्हनं, नुसता पहिला फोटो नाही तर अख्खा व्हिडिओ लावून बघा, हॉलच्या शेवटच्या खुर्चीवर बसून.

कार्यक्रम झाला की सगळे व्हिडिओ मागणार. व्हॉट्सॲपवर २ जीबीपर्यंतची फाइल डॉक्युमेंट म्हणून जाते, आपला सव्वा अकराशे एमबीचा आरामात जातो. सोबत मोठ्या स्कॅनचं फोल्डरही दोन-तीन वेगवेगळ्या घरांत देऊन ठेवा, एक सांगलीत, एक साताऱ्यात, एक पुण्याला असलेल्या पोराकडं. कृष्णेचं पाणी एका वेळी तिन्हीकडं जात नाही.